गळ्यात अनोळखी नाव घालून सायकल चालवावी का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या नाशिकच्या आहेत. गेली तीन वर्षे त्या न्यू जर्सीतल्या एका स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात ईएमटी (रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणाऱ्या प्रशिक्षित सेवक) म्हणून काम करतात आणि नाशिकला असताना त्यांनी बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या, २०० व ३०० किलोमीटरच्या राइड पूर्ण केलेल्या आहेत. कामावर असताना मरण पावलेल्या आपत्कालीन वैद्यकीय सेवकांच्या स्मरणार्थ अमेरिकेत ‘नॅशनल ईएमएस मेमोरियल बाइक राइड’ निघते, तिच्या मे महिन्यातल्या फेरीला त्यांनी यावे, असा पथकातल्या एका सहकाऱ्याचा आग्रह आहे. ताईंच्या शंका तीन आहेत. गेलेल्यांपैकी एकालाही आपण ओळखत नसताना त्याचे नाव गळ्यात घालण्याचा आपल्याला अधिकार आहे का? रात्रपाळ्या सांभाळून आठवडाभराच्या सायकलिंगची तयारी कशी करायची? आणि घरचे म्हणतात तशी ही नुसती हौसच आहे, की तिचा कोणाला काही उपयोग होतो?

मी २१ वर्षे पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीपेक्षा अधिक प्रशिक्षण घेतलेला रुग्णवाहिका-सेवक, आहे. अशा स्मृतियात्रांमध्ये चार वेळा सायकलवर होतो आणि गुडघ्याने साथ सोडल्यानंतर तीन वेळा मदतीच्या गाडीत. त्या आधारावर लिहितो.

अधिकाराच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण पुढची सगळी तयारी त्यावरून ठरते. या राइडमध्ये प्रत्येक सायकलस्वाराच्या गळ्यात लष्करी ओळखपट्टीसारखी एक धातूची पट्टी असते आणि तिच्यावर कामावर असताना मरण पावलेल्या एका सेवकाचे नाव असते. ती पट्टी घालून सायकलस्वार वाट चालतो आणि शेवटी ती त्या माणसाच्या घरच्यांच्या हाती देतो. तुमच्याकडे सोपवलेले काम एवढेच आहे: एक नाव उचलायचे, सांभाळून न्यायचे आणि ज्यांचे आहे त्यांच्याकडे पोचते करायचे. रुग्णवाहिकेत आपण ज्याला स्ट्रेचरवर घेतो त्याला तरी आपण कुठे ओळखत असतो? ओळख नसल्यामुळे जबाबदारी कमी होत नाही, हे तुम्ही तीन वर्षे रोज अनुभवता आहात. मला स्वतःला तर असे वाटते की अनोळखी माणसाने नाव वाहून आणण्यात घरच्यांना एक वेगळे समाधान असते, कारण भाऊ-मित्र आठवण ठेवणारच होते. ज्याचा काही संबंध नव्हता तोही आठवडाभर पावसात त्यासाठी सायकल चालवत आला, हे त्यांना अपेक्षित नसते.

राइडची पार्श्वभूमी थोडी सांगतो, म्हणजे ती अशी का आहे ते कळेल. पहिली राइड २००२ मध्ये न्यू यॉर्कहून व्हर्जिनिया राज्यातल्या रोनोक या गावी गेली. रोनोकच का, तर कामावर असताना मरण पावलेल्या आपत्कालीन सेवकांचा राष्ट्रीय स्मृतिसोहळा तेव्हा तिथे होत असे. त्या गावाचा मान जुना आहे. १९०९ मध्ये रोनोक नदीत एक होडी उलटून दोन माणसे काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली, आणि त्यांना कसे वाचवायचे हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. ते पाहणाऱ्यांत ज्युलियन स्टॅन्ली वाइझ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याने ती गोष्ट मनातून जाऊ दिली नाही आणि १९२८ मध्ये रेल्वेतल्या आपल्या सहकाऱ्यांना गोळा करून जीवरक्षक आणि प्रथमोपचार पथक उभे केले. तुम्ही ज्या स्वयंसेवी पथकात काम करता त्या प्रकारच्या सगळ्या पथकांचे मूळ शोधत गेलात, तर वाट बहुधा याच नदीकाठी येते. गेलेल्यांची नावे ओकच्या पानांच्या आकाराच्या कांस्याच्या पानांवर कोरून ती एका ‘जीवनवृक्षा’वर लावण्याची प्रथाही रोनोकचीच. पुढे तो सोहळा काही वर्षे कोलोरॅडो स्प्रिंग्जला झाला आणि नंतर वॉशिंग्टनलगतच्या परिसरात आला. सोहळा जिकडे गेला तिकडे राइडची तोंडेही वळली. पूर्व किनाऱ्याची वाट पुढे बोस्टनच्या बाजूने निघून वॉशिंग्टनकडे उतरू लागली, आणि कोलोरॅडो, केंटकी अशा इतर राज्यांतही वाटा निघाल्या आहेत. सायकलस्वारांना ‘मडी एंजल्स’, म्हणजे चिखलात माखलेले देवदूत, असे लाडाचे नाव आहे. मे महिन्यात ईशान्य अमेरिकेत सायकल चालवलेल्या माणसाला त्या नावातला चिखल समजावून सांगावा लागत नाही. देवदूताबद्दल मात्र मी साशंक आहे, कारण पाचव्या दिवशी संध्याकाळी आमच्या अंगाला जो वास येतो तो देवदूतांना येत नसावा.

आता घरच्यांचा आक्षेप. हौस आहे की उपयोग, हे ठरवण्यासाठी आपल्या धंद्यात माणसे कशी मरतात ते पाहावे लागते. १९९२ ते १९९७ या काळातल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपत्कालीन वैद्यकीय सेवकांचा मृत्युदर वर्षाला दर लाखामागे १२.७ इतका निघाला, आणि त्याच काळात सर्व कामगारांचा राष्ट्रीय दर ५ होता. पोलीस आणि अग्निशामक यांच्या पंगतीला बसणारा हा आकडा होता, पण तो त्याआधी कोणी मांडलाच नव्हता. त्या अभ्यासातल्या ११४ मृत्यूंपैकी ६७ रस्त्यावरच्या वाहन-अपघातांतले होते, १९ हवाई रुग्णवाहिकांच्या अपघातांतले, १३ हृदयविकाराचे आणि १० हत्येचे. यात रोग्याचा संसर्ग वगैरे जे लोकांना आधी आठवते ते जवळजवळ नाहीच. माणसे गेली ती मुख्यतः चाकांवर, म्हणजे रोग्याकडे जाताना, रोग्याला नेताना किंवा महामार्गाच्या कडेला दुसऱ्याच्या अपघातात काम करताना.

तरीही या मृत्यूंना फार काळ स्वतःचे नाव नव्हते. ११ सप्टेंबर २००१ चा ३४३ हा आकडा अमेरिकेत मुलांनाही पाठ असतो आणि तो ‘अग्निशामकांचा’ म्हणून सांगितला जातो. त्या ३४३ मध्ये न्यू यॉर्क अग्निशमन दलाचे दोन पॅरामेडिक होते, आणि त्या आकड्याच्या बाहेर, रुग्णालयांच्या व खाजगी सेवांच्या रुग्णवाहिकांवरचे आणखी आठ ईएमटी आणि पॅरामेडिक त्या दिवशी गेले, हे फार थोड्यांना माहीत असते. पहिली राइड त्यानंतरच्याच वर्षी न्यू यॉर्कहून निघाली, हे लक्षात घेतले की नावाची पट्टी हाच तिचा गाभा का आहे ते कळते.

कायद्याचेही तसेच झाले. कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या सार्वजनिक सुरक्षा अधिकाऱ्याच्या कुटुंबाला अमेरिकेच्या केंद्र सरकारने मदत देण्याचा कायदा १९७६ चा आहे. सरकारी यंत्रणेतले रुग्णवाहिका-सेवक त्यात १९८६ मध्ये आले. ना-नफा स्वयंसेवी पथकांना मात्र २०१३ पर्यंत थांबावे लागले. व्हर्माँटमधल्या बेनिंग्टनच्या बचाव पथकातले डेल लाँग २००९ मध्ये रुग्णवाहिकेच्या अपघातात गेले तेव्हा त्यांच्या कुटुंबाला ती मदत मिळण्याची तरतूदच नव्हती, आणि पुढे झालेली दुरुस्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे तुमचे पथक आज या कायद्याच्या छत्राखाली आहे ते एका नावाचा पाठपुरावा झाला म्हणून. नफ्यावर चालणाऱ्या खाजगी कंपन्यांतल्या सेवकांना त्या दुरुस्तीनेही आत घेतले नाही, आणि रस्त्यावरच्या बऱ्याच रुग्णवाहिका त्यांच्याच असतात. नाव लोकांसमोर येत राहिले तर कायदा हलतो, हा माझा अनुभवावरून झालेला समज आहे, आणि घरच्यांना हेच सांगावे असे मला वाटते. २०१८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे राष्ट्रीय स्मारक उभारण्यास अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) परवानगी दिली, तीही असाच वर्षानुवर्षे धोशा लावल्यावर.

पैशाविषयी स्पष्ट बोलतो, कारण ‘चॅरिटी राइड’ म्हटले की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. पोलिसांची ‘पोलीस युनिटी टूर’ नावाची अशीच राइड १९९७ मध्ये तुमच्याच न्यू जर्सीतल्या फ्लोरहॅम पार्कहून १८ सायकलस्वारांनिशी सुरू झाली, आणि ती वॉशिंग्टनमधल्या पोलीस स्मारकासाठी मोठा निधी उभा करते. आपली राइड त्या मापाने गरीब आहे. संस्था धर्मादाय आहे, देणग्या घेते, पण तिचे मुख्य भांडवल माणसांचा वेळ हे आहे. तुमचे प्रवासाचे दिवस, रजा आणि थोडीफार पदरमोड हा खर्च धरून चाला. अमुक इतके डॉलर जमवल्याशिवाय तोंड दाखवायचे नाही, अशा दडपणाखाली येऊ नका. देणगी मागायची असेल तर आपल्या पथकाच्या परिसरातच मागा आणि कोणाचे नाव घेऊन निघाला आहात ते देणाऱ्याला सांगा. इथल्या मराठी मंडळात मी एकदा गणपतीत दोन मिनिटे बोललो होतो. ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यांनी विषय बदलला आणि मोदकाचे ताट फिरवणाऱ्या एका आजोबांनी वीस डॉलरची नोट हातात ठेवून विचारले, “मुलगा कुठला होता?” मला पट्टीवरचे नाव पाठ होते, पण गाव पाठ नव्हते. तेव्हापासून मी गाव पाठ करतो.

तयारीकडे येतो. तुम्ही ३०० किलोमीटर केले आहेत, म्हणजे सीटवर किती तास बसता येते याची चिंता मला नाही. बीआरएमचे गणित मात्र इथे लागू पडत नाही. तिथे ३०० किलोमीटरला २० तास असतात, आपला वेग आपला, आपले थांबे आपले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले तरी कोणी विचारत नाही. इथे दिवसाला ६० ते ९० मैल, म्हणजे साधारण १०० ते १४५ किलोमीटर, असे धरून तयारी करा, आणि खरी परीक्षा चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता पुन्हा सीटवर बसताना होते. म्हणून एका दिवसाचे अंतर वाढवत नेण्यापेक्षा लागोपाठच्या दिवसांचा सराव करा. जानेवारीपासून सुरुवात करून मार्चअखेर शनिवारी ८० आणि रविवारी ७० किलोमीटर जमले पाहिजेत, आणि एप्रिलमध्ये एकदा तरी सलग तीन दिवस. शेवटच्या आठवड्यात पाय हलके ठेवा. त्या आठवड्यात केलेल्या मेहनतीचा लाभ राइड संपल्यावर मिळतो.

रात्रपाळीचा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो. बारा तासांची रात्र करून सकाळी “ऊन पडलंय, दोन तास मारून येऊ” म्हणून रस्त्यावर जाण्याचा मोह मलाही होत असे, आणि एकदा उतारावर डोळा लागल्यासारखा होऊन मी पांढरी रेघ ओलांडल्यावरच शुद्धीवर आलो. मागून गाडी नव्हती, एवढेच नशीब. तेव्हापासूनचा नियम असा की पाळीनंतर किमान पाच-सहा तास झोप झाल्याशिवाय रस्त्यावर चाक लावायचे नाही. त्याआधी फार खुमखुमी असेल तर घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या उपकरणावर, अर्धा तास. ज्यांच्या स्मरणार्थ निघायचे त्यांतले बरेच जण रस्त्यावरच गेलेले आहेत, त्या यादीत सरावापायी भर घालण्याचे कारण नाही.

सायकल तुमची आहे तीच चालेल. टायर मात्र २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३२ असेल तर उत्तम. ईशान्येकडे जुने पूल लोखंडी जाळीच्या पृष्ठभागाचे असतात, खाली नदी दिसते, आणि पाऊस पडला की ती जाळी साबण लावल्यासारखी होते. तिथे ब्रेक लावायचा नाही, वळायचे नाही, पेडल हलके फिरवत सरळ जायचे. रेल्वेचे रूळ आडवे आले तर ते काटकोनातच ओलांडायचे. रिमचे ब्रेक असतील तर ओल्या रस्त्यावर पहिला दाब नुसता पाणी पुसण्यात जातो, हे धरून आधी दाबायला लागा. पंक्चर काढता येते का हे मी विचारत नाही, बीआरएमवाल्याला ते विचारणे अपमानाचे आहे, पण भिजलेल्या हातमोज्यांनी आणि थंडीने बधिरलेल्या बोटांनी ट्यूब बदलून पाहिली आहे का, ते विचारतो. घराच्या मागच्या अंगणात एकदा करून पाहा.

थंडीविषयी नाशिककरांना सांगावे लागते. मे म्हणजे आपल्या डोक्यात वैशाखवणवा असतो, पण इथे मेच्या पहाटे आठ-दहा अंश असू शकतात, आणि त्यात पाऊस, त्यात उताराचा वारा. ओला माणूस उतारावर किती लवकर गारठतो हे पुस्तकात तुम्ही वाचले आहे, पण स्वतःचे दात वाजायला लागले की आपण ते पुस्तक विसरतो. बोटांना ब्रेकचा दांडा कळेनासा झाला तर तो क्षण थांबण्याचा आहे. मदतीच्या गाडीत बसणे ही हार मानणे, हा समज घरी ठेवून या. मी गाडी चालवली त्या तिन्ही वर्षी मला सगळ्यांत जास्त वाद घालावा लागला तो अनुभवी पॅरामेडिकांशी, कारण दुसऱ्याचा निळा पडलेला ओठ त्यांना लांबून दिसतो आणि स्वतःचा दिसत नाही.

खाण्याचे थोडक्यात सांगतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि भूक लागण्याआधी खाणे. सायकलस्वार खातात त्या गोड जेलच्या पुड्या तिसऱ्या दिवशी नकोशा होतात. मी गुळाच्या पोळ्या नेतो. चार भाग करून कागदात बांधल्या की जर्सीच्या मागच्या खिशात आठवडाभर टिकतात, भिजल्या तरी खाता येतात, आणि अमेरिकन सहकारी चव घेतल्यावर पुन्हा मागतात, त्यामुळे मोजून जास्त न्या. सीटवर बसणाऱ्या अंगाची काळजी घेण्यात लाजू नका: पॅडच्या चड्ड्या तीन तरी हव्यात, रोज धुतलेली आणि पूर्ण वाळलेलीच घालायची, आत दुसरे काही घालायचे नाही, आणि क्रीम पहिल्या दिवसापासून लावायचे. फोड आल्यावर लावण्यात अर्थ नसतो. बहुतेक जण पायांनी नव्हे तर या फोडांनी हरतात.

समूहात चालवणे ही मात्र तुमच्यासाठी नवी विद्या आहे, आणि तिच्यावर जास्त वेळ घालवा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक बाजूने कधीही ओलांडू द्यायचे नाही, कारण तो जरा सरकला तर पडता तुम्ही. अंतर एक-दोन सायकलींइतके राखा, आपण शर्यत खेळत नाही. खड्डा, काच, मागून गाडी, वेग कमी होतो आहे, हे सगळे हाताने आणि आवाजाने मागे पोचवायचे, आणि ते पोचले पाहिजे म्हणून मोठ्याने. मध्येच एक जण गप्प बसला तर त्याच्या मागचे सगळे आंधळे होतात. न्यू जर्सीत मार्च २०२२ पासून वाहनचालकाने सायकलस्वाराला ओलांडताना चार फूट अंतर सोडण्याचा कायदा आहे, पण चालकाला तो माहीत असेल असे धरून चालू नका.

समूहाने एकत्र राहण्यामागे सुरक्षिततेपेक्षा मोठे एक कारण आहे, आणि ते मी चूक करून शिकलो. माझ्या पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी पाय चांगले चालत होते, वारा पाठीशी होता, आणि मी आणि आणखी दोघे हळूहळू सुटत गेलो. ठरलेल्या थांब्यावर, एका गावातल्या रुग्णवाहिका पथकाच्या इमारतीपाशी, आम्ही बाकीच्यांच्या वीस मिनिटे आधी पोचलो. तिथे पथकाची माणसे गणवेशात रांगेने उभी होती, रुग्णवाहिका धुऊन बाहेर काढलेल्या होत्या, आणि घडीच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई बसलेल्या होत्या. आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या, पाणी प्यायलो आणि केळी सोलायला लागलो. त्या बाई उठल्या आणि आमच्या एकेकाच्या गळ्याकडे पाहत गेल्या. माझी पट्टी त्यांनी दोन बोटांत धरून वाचली, सोडली, आणि विचारले, “माझ्या मुलाचं नाव कोणाकडे आहे?” ते नाव मागच्या, सगळ्यांत सावकाश येणाऱ्या एका परिचारिकेच्या गळ्यात होते. तिला पोचायला पुढची वीस मिनिटे लागली, आणि तेवढा वेळ त्या बाई उभ्याच राहिल्या. अर्धे सोललेले केळे हातात धरून मी उभा होतो, ते पुढे खावे की टाकावे ते मला समजेना.

त्यानंतर सायकलवर होतो तोवर मी सर्वांत मागे चालवत असे. समूहाचा वेग हा मागच्याचा वेग असतो. वारीत दिंडी जशी ठरल्या ठिकाणी एकत्र पोचते, विसाव्याच्या जागी लोक वाट पाहत असतात आणि पुढे धावलेल्याला त्याचे कौतुक नसते, तसाच हा प्रकार आहे. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते, तिच्यात तुम्ही गेला असाल तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

घरच्यांशी भेट होते तेव्हा काय बोलावे, याची तयारी पायांच्या तयारीइतकीच करा. पहिली गोष्ट नावाचा उच्चार. माझ्या आडनावाची गेली वीस वर्षे इथे रोज मोडतोड होते, आणि कोणी ते नीट घेतले की त्या माणसाविषयी मला उगीचच आपुलकी वाटते. पोलिश, इटालियन, व्हिएतनामी, स्पॅनिश, कोणतेही नाव वाट्याला येऊ शकते. ते कसे म्हणायचे हे आधी चौकशी करून घ्या, आणि चढावर दम लागलेला असताना म्हणून पाहा, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळत नाही. दुसरे, मृत्यू कसा झाला हे विचारू नका. त्यांनी सांगितले तर ऐका. “काळ हेच औषध”, “देवाला चांगली माणसे आवडतात” ही आपल्याकडची ठेवणीतली वाक्ये भाषांतर करून वापरू नका, ती आपल्याकडेही कोणाला बरी वाटत नाहीत. “मी यांचे नाव घेऊन इथपर्यंत आले” एवढे पुरते. त्यांनी माणसाविषयी काही सांगितले, तो चहात किती साखर घालायचा किंवा कुत्र्याला काय म्हणायचा, तर ते रात्री लिहून ठेवा. स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याविषयी तिथे बोलू नये. वॉशिंग्टनजवळच्या सोहळ्यात कुटुंबांना संसदभवनावर फडकलेला राष्ट्रध्वज, एक पदक आणि एक पांढरे गुलाब दिले जाते. तो त्यांचा औपचारिक मान आहे, तिथे आपण बाजूला उभे राहायचे.

तुमच्या वडिलांनी विचारले आहे की आपल्याकडे असे काही करता येईल का. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिच्यावरचा डॉक्टर आणि चालक यांना गावोगाव ‘१०८ वाले’ एवढेच नाव आहे. करोनाच्या काळात केंद्राने आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचे विमाकवच जाहीर केले, पण विमा कागदावर असतो आणि नाव तोंडावर लागते. महाराष्ट्रात सायकलस्वारांची आणि वारीची कमतरता नाही. कोणी करायचे ठरवले तर मी एकच सुचवेन: सुरुवात झेंडे, टी-शर्ट आणि प्रमुख पाहुण्यांपासून न करता यादीपासून करा. आपल्या जिल्ह्यात रुग्णवाहिकेवर काम करताना कोण गेले, त्यांचे घर कुठे आहे, आणि आपण आलेले त्यांना चालेल का, हे समक्ष जाऊन विचारा. तीन नावे मिळाली तर तीन सायकली पुरेत, आणि घरच्यांनी नको म्हटले तर त्या घरी जायचे नाही.

शेवटी एक बारीकसारीक सूचना, जी पहिल्या वर्षी मला कोणी दिली नव्हती. पट्टी सायकलिंगच्या जर्सीच्या चेनवर दिवसभर टिकटिक वाजत राहते, त्याचा वैताग येऊन लोक ती खिशात टाकतात. तसे करू नका, जर्सीच्या आत अंगाला लागून घाला आणि थांब्यावर पोचण्याआधी बाहेर काढा. देण्याच्या वेळी घाई होते, हात थरथरतात, आणि साखळी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकून समोरच्या आईला तुमच्या हनुवटीखाली ती सोडवत बसावे लागते. आधी हातमोजे काढा, मग हेल्मेट, आणि मग साखळी.